चोक गेला, लॅपटॉप आला

जुनी कार्बोरेटरवाली जिप्सी बाळगणाऱ्याला दर हिवाळ्यात कार्बोरेटर काढून पेट्रोल इंजेक्शन बसवून घ्यायची उबळ येते. इंजिन 1298 सीसीचं, साधारण 60 अश्वशक्तीचं. मारुतीने याच गाडीला 2000 साली एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) दिलं, मग आपण का नाही? भंगारवाला त्या गाडीचा मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा) हातात घेऊन उभाच असतो. तो सोळा व्हॉल्व्हच्या हेडचा आहे आणि आपल्या आठवालीला बसत नाही, हे घरी आणल्यावर कळतं.

कार्बोरेटर तसा गरीब स्वभावाचा. इंजिनावरच्या पंपाने पाव बार दाबाने पेट्रोल ढकललं तरी खूश. शिवाय फ्लोटची वाटी भरून ठेवतो, त्यामुळे पंपाने घटकाभर दांडी मारली तरी बोभाटा नाही. इंजेक्टरना मात्र अखंड 3 बार लागतात. म्हणजे विजेवरचा पंप, रेग्युलेटर आणि टाकीकडे परतीची नळी. जुनी होज ‘तेवढी चालवून घेऊ’ म्हणाल तर 3 बारला तिला घाम फुटतो, तोही तापलेल्या इंजिनावर. होज इंजेक्शनचीच घ्या, क्लॅम्पही.

टाकीत पेट्रोल कमी असलं की खंबाटकीच्या वळणावर ते सगळं एका कडेला जातं, पंप हवा पितो आणि इंजिन उचकी देतं. उपाय म्हणजे मध्ये लिटरभराची छोटी टाकी. ती भरायला आणखी एक पंप. पंपाला पेट्रोल पाजायला पंप! टाकीतला पंचवीस वर्षांचा गंज आधी धुऊन काढा, नाहीतर दोन्ही पंप जातील.

आता इंजेक्टर. 60 अश्वशक्तीला पूर्ण जोरात तासाला साधारण 14 किलो पेट्रोल लागतं. चौघांत वाटलं आणि वीस टक्के राखून ठेवलं, की प्रत्येकी मिनिटाला 100 सीसीच्या आसपास. दुकानदार 440चे गळ्यात मारतो, ‘पुढे टर्बो टाकाल’ म्हणून. चमच्याने औषध पाजायचं तिथे कळशी! आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी असताना, असा इंजेक्टर इतका कमी वेळ उघडतो की धड मोजून काही सुटतच नाही, आणि सिग्नलवर गाडी जागच्या जागी लेझीम खेळते.

क्रॅंकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर 36 दातांचं चक्र बसतं, त्यातला एक दात मुद्दाम पाडलेला. त्या बोळक्या जागेवरून ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाला, क्रॅंक कुठे आहे ते कळतं. सेन्सरचं अंतर मिलिमीटरभराच्या आत ठेवा. त्याच्या वायरीची जाळी एकाच टोकाला अर्थ करा आणि वायर प्लगच्या वायरींपासून दूर न्या. नाहीतर ईसीयूला नसलेले दात दिसू लागतात.

निम्मी दुखणी अर्थिंगचीच, असं माझं ठाम मत आहे. स्टार्टर फिरताच व्होल्टेज कोसळतं, ईसीयू बेशुद्ध पडतो आणि आपण शिव्या इंजेक्टरना देतो. ईसीयूची अर्थ थेट ब्लॉकवर घ्या. पंपाचा रिले ईसीयूच्याच ताब्यात द्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं बुश सायलेन्सर पाइपाच्या वरच्या अंगाला वेल्ड करा. खालून बसवलात तर साचलेलं पाणी त्याचा जीव घेतं.

मग ट्यूनिंग. इंजिनाच्या कुठल्या वेगाला आणि भाराला किती पेट्रोल, याचं 256 चौकटींचं कोष्टक, आणि ते चालत्या गाडीत भरायचं. लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसणारा एक सहनशील माणूस हवा. थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळवून देणाऱ्या चोकच्या जागी आता तापमानाचा तक्ता आहे, आणि थंड इंजिन रोज सकाळी एकदाच मिळतं. आकडा चुकला की गाडी तापते, पुढचा प्रयत्न उद्या. चार आकडे जमेपर्यंत थंडी संपते.

आरटीओ आणि विमा कंपनीला विचारायचं ते हात घालण्याआधीच विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीतल्या बदलांबद्दलचं, गाडी उघडून झाल्यावर आठवलं तर भारी पडतं.

आणि जुना कार्बोरेटर, त्याची गास्केटं, पंप, सगळं एका पिशवीत बांधून मागच्या सीटखाली ठेवा. ती पिशवी मेकॅनिकला दाखवू नका. पहिल्या उचकीला तो तीच सोडेल.