मंत्री व्हायचंय? आधी एक कीबोर्ड काढा

तुम्हाला दूरसंचार मंत्री व्हायचंय आणि तुम्ही इंजिनिअरिंगच्या प्रवेशयाद्या चाळत बसलाय? ठेवा त्या बाजूला. ढाक्याला जा आणि तिथल्या विद्यापीठात बांगला साहित्य शिका. मुस्तफा जब्बार तेच शिकले, आणि जानेवारी २०१८ मध्ये शपथ घेऊन बांगलादेशचे डाक, दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री झाले. डेटा स्ट्रक्चरची पुस्तकं रद्दीत घाला. रवींद्रनाथ पुरतात.

शिक्षण झालं की थोडी पत्रकारिता करा. मग १९८७ साली मॅकिंटॉश विकत घ्या (साल चुकवू नका, उशीर झाला तर दुसरा कुणीतरी घेईल) आणि त्यावर जुळवलेलं साप्ताहिक काढा. जब्बारांच्या साप्ताहिकाचं नाव होतं ‘आनंदपत्र’. साप्ताहिक काढलं की तुमच्या ध्यानात येईल की कागद, शाई आणि वाचक ही सगळी खर्चाची खाती आहेत. जमेचं खातं वेगळंच आहे. ‘क’ काढायला माणसानं कुठल्या कळीवर बोट ठेवायचं, हे ज्याला ठरवता येतं, ते खातं त्याचं.

म्हणून दुसऱ्या वर्षी कीबोर्ड काढा. नाव ठेवा ‘बिजॉय’, म्हणजे विजय, आणि तो बाजारात आणा १६ डिसेंबरला, १९७१ च्या मुक्तियुद्धाच्या विजय दिनी. एकदा हे जमलं की तुमच्या मालाला नावं ठेवणारा माणूस आपोआप मुक्तियुद्धाला नावं ठेवणारा होतो. जाहिरातीवर पैसे घालवायची गरज उरत नाही.

आता उपरोध जरा बाजूला ठेवून सांगतो, बिजॉय चांगला होता. ‘जे’च्या कळीवर क, शिफ्ट धरून ख, आणि ‘जी’ दाबलं की जोडाक्षर. बोटांना एकदा वळण लागलं की बंगाली सरसर उमटायचं. शिशाचे खिळे जुळवणारे छापखाने आणि वर्तमानपत्रं त्याच्यामुळे पडद्यावर आली. ज्यांनी मराठी मजकूर एका फाँटात टाईप करून दुसऱ्या संगणकावर उघडला आणि चौकोनांची रांगोळी पाहिली, त्यांना त्या काळात भाषा संगणकात बसवणं काय होतं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा श्रेय द्याच. पण श्रेय हा कच्चा माल आहे, आणि करिअर त्याच्या पक्क्या मालावर चालतं. पक्क्या मालाला स्वामित्वहक्क म्हणतात. त्याची नोंद करून घ्या.

इथपर्यंत सगळं सुरळीत. मग एखादा वैद्यकीय विद्यार्थी निघतो.

तुमच्याही वाटेत तो येईल, तयारी ठेवा. जब्बारांच्या वाटेत आला तो मैमनसिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातला मेहदी हसन खान. शरीरशास्त्राचा अभ्यास सोडून या पोरानं २००३ साली ‘अभ्र’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं, तेही २६ मार्चला, स्वातंत्र्य दिनी. म्हणजे विजय दिनाची मात्रासुद्धा चालेना. अभ्र युनिकोडवर चालायचं, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षर तेच दिसावं यासाठीच्या जागतिक मानकावर. रोमन अक्षरांत उच्चाराबरहुकूम टाईप करा, पडद्यावर बंगाली हजर. वळण लावायला नको, क्लास लावायला नको. आणि सगळ्यात वाह्यात गोष्ट म्हणजे फुकट. ब्रीदवाक्य काय, तर ‘भाषा होक उन्मुक्त’. भाषा मुक्त होवो! धंदा कसा करत नाहीत ते शिकायचं असेल तर हे वाक्य भिंतीवर लावा.

पुढे निवडणूक आयोगानं आठ कोटींहून अधिक मतदारांची यादी करायला घेतली आणि तिच्यासाठी वापरलं अभ्र. अशा वेळी तुम्ही काय कराल? स्वतःचं सॉफ्टवेअर सुधाराल? म्हणूनच तुम्ही मंत्री होणार नाही. लेख लिहायचा असतो. जब्बारांनी एप्रिल २०१० मध्ये दैनिकात लेख लिहून अभ्रवाल्यांवर चाचेगिरीचा ठपका ठेवला, मग प्रकरण कॉपीराइट कार्यालयात गेलं. वाद होता अभ्रमधल्या ‘युनिबिजॉय’ या, बिजॉयशी मिळत्याजुळत्या, कळांच्या एका मांडणीचा. तिच्यातल्या आठ कळा वेगळ्या आहेत, असं अभ्रवाले सांगत राहिले. आपल्याकडे कीबोर्डला कळफलक म्हणतात ते किती नेमकं आहे बघा. आठ कळा वेगळ्या असूनही कळ लागायची ती लागलीच. जूनमध्ये समेट झाला, आणि अभ्रनं ती मांडणी काढून टाकली. २०१५ साली गूगलच्या दुकानातूनही अशाच तक्रारीवरून दोन कीबोर्ड ॲप काही काळ गायब झाली. सातत्य हा गुण आहे.

आता मंत्रिपद. तुम्ही म्हणाल, त्यासाठी निवडणूक लढवावी लागते, चाळीत फिरावं लागतं, हळदीकुंकवाला साड्या वाटाव्या लागतात. छे. आपल्याकडे बिनआमदाराला मंत्री केलं तर सहा महिन्यांत त्याला सभागृहात यावंच लागतं. बांगलादेशच्या राज्यघटनेत मात्र दहा टक्क्यांपर्यंत मंत्री खासदार नसले तरी चालतात. त्यांना टेक्नोक्रॅट म्हणतात. मतदारांच्या यादीवरून एवढं भांडण झालं, पण स्वतः त्या यादीपुढे उभं राहायची वेळ आली नाही.

खुर्चीत बसल्यावर पहिले काही महिने काहीच करू नका. फोर-जी फेब्रुवारीत सुरू होतं, मे महिन्यात देशाचा पहिला दळणवळण उपग्रह उडतो, तुम्ही फक्त फोटोत उभे राहा. नंतर मात्र काहीतरी बंद करायला लागा. डिजिटल देशाचा मंत्री सुरू काय करतो यापेक्षा बंद काय करतो यावरून ओळखला जातो. ऑगस्टमध्ये शाळकरी मुलं रस्तासुरक्षेसाठी रस्त्यावर आली, मोबाइल इंटरनेट मंदावलं. डिसेंबरात मतदान आलं, पुन्हा मंदावलं. पुढच्या वर्षी अश्लीलतेविरुद्ध युद्ध पुकारून सुमारे वीस हजार संकेतस्थळं बंद झाली आणि त्या जाळ्यात बंगाली लेखनाचं एक नावाजलेलं व्यासपीठही सापडलं. कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत तर जवळजवळ वर्षभर वेगवान इंटरनेट नव्हतं. हे सगळं ‘डिजिटल बांगलादेश’ या घोषणेखाली. घोषणेचा फलक मोठा असला की खाली बरंच काही झाकलं जातं.

पण ही झाली किरकोळ कामं. करिअरचा कळस अजून बाकी आहे.

जानेवारी २०२३. बांगलादेशच्या दूरसंचार नियामक आयोगाचं फोन बनवणाऱ्यांना आणि आयात करणाऱ्यांना पत्र गेलं. विकायच्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये बिजॉय कीबोर्ड आधीच घातलेला असावा, नाहीतर ना हरकत प्रमाणपत्र मिळणार नाही. आयफोनवाले वाचले. पैसेवाल्यांवर सरकार सहसा हात टाकत नाही.

थोडं थांबा आणि या चालीला दाद द्या. आयोग कुणाच्या खात्यात? मंत्र्यांच्या. कीबोर्ड कुणाचा? मंत्र्यांचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी हे आपण शाळेत शिकलो, पण इथे ससा, पारधी आणि शिकारीचा परवाना देणारा वनाधिकारी एकाच खुर्चीत. लोकांनी आरडाओरडा केला. त्यावर उत्तरं तयार होती: ते राष्ट्रीय मानक आहे, फुकट आहे, आणि नको असेल त्यानं काढून टाकावं. ही तीन उत्तरं पाठच करा, आयुष्यभर उपयोगी पडतील. फुकट या शब्दावर मात्र जरा हसू येतं. वीस वर्षांपूर्वी एक पोरगा हाच शब्द म्हणाला होता तेव्हा त्यात केवढा गुन्हा होता.

त्याच वर्षाच्या शेवटी निवडणूक तोंडावर आली आणि टेक्नोक्रॅट मंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. न निवडून आलेल्यांचं तेवढं असतं. आधीच घातलेलं ॲपसुद्धा काढून टाकता येतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ते सरकारच गेलं. २०२५ साली मेहदी हसन खान आणि त्याच्या तीन साथीदारांना ‘एकुशे पदक’ जाहीर झालं, भाषेसाठी जीव दिलेल्यांच्या स्मरणार्थ दिला जाणारा सन्मान. तुमच्या कारकिर्दीत असा दिवस उजाडला तर घराबाहेर पडू नका. बातमी वाचायला हरकत नाही. ती बिजॉयवरच टाईप झालेली असू शकते, वर्तमानपत्रांत तो अजून टिकून आहे. फक्त खालच्या अभिनंदनाच्या प्रतिक्रिया वाचू नका.