भाडं वेळेवर येत होतं, तरीही...

नमस्कार. माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूने मला न सांगता घर एअरबीएनबीवर (रात्रीच्या हिशेबाने घरं भाड्याने देणारी वेबसाइट) टाकलं, त्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "भाडं पाच तारखेच्या आत येत होतं, घराची मोडतोड नव्हती, मग शनिवार-रविवार त्याने एअरबीएनबीवर पाहुणे ठेवले तर मालकिणीचं काय गेलं?" असं तुम्ही विचारलंत. 'आधी कुलूप बदला' या माझ्या सल्ल्याला दादागिरी म्हणालात, आणि डिपॉझिट बुडवणाऱ्या मालकांची आठवणही करून दिलीत.

कुलपाबद्दल तुमचंच बरोबर आहे. ती ओळ रागात लिहिली होती, आज काढून टाकली. राहत्या माणसाला असं बाहेर ठेवता येत नाही. भाडेकरूचं पाणी-वीज तोडायलाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ ने मनाई आहे. डिपॉझिट अडवून ठेवणाऱ्या मालकांची बाजू मी कधीच घेणार नाही.

पण 'काय गेलं' हे ऐकून वाईट वाटलं. कोथरूडच्या त्या फ्लॅटच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक आजी एकट्या राहतात. रात्री दीड वाजता चार अनोळखी मुलं त्यांची बेल वाजवत होती, मजला चुकला म्हणून. आजींनी दार उघडलं नाही, पण सकाळपर्यंत त्या खुर्चीतच बसून होत्या. सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. जाऊन बघते तर मीटरच्या जाळीला आकडे जुळवून उघडायची किल्लीची पेटी लटकलेली. जाहिरातीतल्या फोटोत माझ्या आईने हौसेने करून घेतलेली देवाची देवळी होती, आणि तिच्यात शॅम्पूच्या बाटल्या.

त्यात एखादा परदेशी पाहुणा असता तर? त्याची माहिती २४ तासांत सरकारला द्यावी लागते. काही बरंवाईट झालं असतं तर पोलीस आधी इंडेक्स टूवर (घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) नाव कोणाचं ते बघून माझ्याच दारात आले असते, आणि घरात कोण झोपलं होतं हे मला सांगता आलं नसतं.

आमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा होता, म्हणजे फक्त राहण्याची परवानगी. १८८२ च्या इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ नुसार तिच्यातून मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. मग जो हक्क त्याच्याकडे नाही, तो पाहुण्यांना विकणार कसा? रीतसर भाडेकरूलाही करारात मुभा नसेल तर १९९९ च्या कायद्याचं कलम २६ पोटभाडेकरू ठेवू देत नाही.

आता मालकांनी करायचं काय, हे मूळ लेखात घाईत उरकलं होतं. करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. १९९९ च्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, आणि असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. 'एक रात्रही पैसे घेऊन कोणाला ठेवणार नाही' हे त्यात स्पष्ट लिहा. शंका आली तर जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, वॉचमनच्या रजिस्टरची प्रत मागा आणि मगच लेखी नोटीस द्या. मुदत संपूनही ताबा सोडला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, नुकसानभरपाईही दुप्पट दराने मिळते. पण ते कलम मुदत संपल्यानंतरचं आहे, म्हणून करार फार लांबीचा करू नका. माझ्या भाडेकरूने नोटिशीनंतर जाहिरात काढली आणि महिनाभरात घर सोडलं. डिपॉझिट मी पूर्ण परत केलं.

त्याने विचारलं असतं तर? सोसायटी तयार असती, पाहुण्यांची नावं आधी कळली असती, तर मी विचार केला असता. चोरून केलं, हे मला लागलं.

तुम्ही स्वतः भाड्याने राहता असं लिहिलंय. आईवडील गावाहून महिनाभर येऊन राहिले तर त्याला कोणी पोटभाडं म्हणू नये. पुढचा करार करताना तेवढं एक वाक्य मालकाकडून लिहून घ्या. माझ्या करारात मी आता ते स्वतःच घालते.