मंग, कोन उनं?

४ जून २०२४ला आमच्या दोंडाईच्याच्या घरात दोन कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडली होती: लोकसभेची मतमोजणी बघणं आणि बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, राखणं. लग्नसराईत राहून गेलेले शेवटचे बिबडे मृग लागायच्या आत डब्यात गेले पाहिजेत, असा आईचा हुकूम. अंगणात खाट, खाटेवर जुनं लुगडं, त्यावर ज्वारीचे ओले बिबडे, ओसरीत टीव्ही आणि मधे उंबऱ्यावर काठी घेऊन मी.

आठला मोजणी सुरू झाली. आठ वाजून पाच मिनिटांनी वाहिन्यांनी देश वाटूनही टाकला. पोस्टाची मतं अजून पाकिटातून निघत असतील, तोवर इकडे धडाधड आकडे, आणि दर आकड्याला लग्नाच्या बँडसारखं ढणढण. तीन दिवसांपूर्वीच एक्झिट पोलवाल्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेपलीकडे नेऊन ठेवलं होतं, एकाने तर ४०१पर्यंत जागा सोडलेली. दुपारी आकडा तीनशेच्या खाली आला, तेव्हा तीच मंडळी त्याच कोटात बसून 'हे अपेक्षितच होतं' सांगत होती. आमच्या मिरची बाजारातला दलालसुद्धा सकाळचा भाव संध्याकाळी इतका चटकन विसरत नाही.

पण मला देश नंतर, आधी धुळे बघायचं होतं. २० मेला मत दिलं होतं. बोटावरची शाई नखाबरोबर वर सरकत चालली होती. पडद्यावर मात्र बारामती. चर्चेत बारामती, नकाशात बारामती, चौकटीतल्या चौकटीत बारामती. धुळे यायचं ते खालच्या पट्टीत, तेही तीन सेकंद. पहिल्यांदा 'धु' दिसला आणि शेजारच्या आप्पांची बकरी खाटेशी आली. मी काठी घेऊन धावलो, परतलो तर रावेर चाललेलं. दुसऱ्यांदा नाव पूर्ण वाचलं, आकडा वाचणार तोच तिने बिबडा उचलला. तिसऱ्यांदा ठरवलं, खाऊ दे काय खायचं ते. जाहिरात लागली.

आतून आईचा आवाज, "मंग, कोन उनं?" म्हणजे, कोण आलं?

"अजून नक्की नाही. भाजपचे भामरे पुढे आहेत."

तासाभराने पुन्हा. "आता काँग्रेसच्या बच्छाव पुढे दिसतायत, आई."

"पुढे-मांगे नको सांगू. उनं कोन ते सांग."

आता तिला कसं समजवायचं? सहा विधानसभांची मोजणी आपापल्या टेबलांवर वेगळी चालते. पाच ठिकाणी भामरे पुढे, आणि एकटं मालेगाव मध्य सगळं पारडं उलटवतं. शेवटी शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी आल्या. एवढी माणसं तर आमच्याकडे एखाद्या तालेवाराच्या लग्नात वरण-बट्टी जेवून जातात! आणि हे मला टीव्हीने सांगितलं नाही. बकरी न्यायला आलेल्या आप्पांनी सांगितलं.

तेवढ्यात सुरतहून आतेभावाचा फोन. सुरतेची जागा एप्रिलातच बिनविरोध गेलेली, म्हणून देशाची मोजणीही ५४३ऐवजी ५४२ जागांचीच. "मी मस्त झोपेल होतो," तो म्हणाला, "तुमचं चालू आहे का अजून?" मी फोन ठेवला.

रात्री आई जेवायला वाढताना पुन्हा तेच. म्हटलं, मोदी आले, पण एकटे नाही. बहुमताला २७२ लागतात, भाजपचे २४० झाले. मित्र धरून २९३.

"मंग कोनासंगे उनात?"

नायडूंचे सोळा, नितीशकुमारांचे बारा, असं सांगत गेलो आणि भाकरी गार झाली. दुसऱ्या दिवशी नितीशकुमार आणि विरोधी आघाडीचे तेजस्वी यादव एकाच विमानाने दिल्लीला निघाले. झालं! विमानात मागेपुढे बसलेल्या त्या दोघांचा फोटो दिवसभर. बाण काढले, वर्तुळं काढली. एकमेकांना नमस्कार केला, त्याचा अर्थ लावायला चार तज्ज्ञ. माणसं कोणाजवळ बसली यावरून सरकारं पडायला लागली, तर सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये नंदुरबार ते अमळनेर एवढ्यात दहा-बारा तरी पडतील.

हे पाच दिवस चाललं. बायको रोज म्हणायची, "अहो, कापसाचं बियाणं आणायचंय ना?" आणि मी म्हणायचो, एवढी बैठक संपू दे. बैठक संपायची, तिच्यावरची चर्चा सुरू व्हायची.

९ जूनला संध्याकाळी शपथविधी झाला. आपल्या रावेरच्या रक्षा खडसेही मंत्री झाल्या. मी आत जाऊन छाती पुढे काढून सांगितलं, "आई, सरकार उनं!"

आईने वर पाहिलंसुद्धा नाही. ती वाळलेले बिबडे मोजून डब्यात भरत होती. शेवटचा ठेवला, झाकण लावलं.

"पाच कमी सेतस," ती म्हणाली.

"फुटले," मी म्हणालो.