पाच मिलीची हिंमत

मुलाचे टॉन्सिल काढायचे ठरले तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात सगळ्यांत धीट मी होतो. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होतो, "अहो, किरकोळ काम. पोरांना कळतसुद्धा नाही."

पोराला कळलं.

दवाखान्यात सहा चेहऱ्यांचा कागद मिळाला. हसरा म्हणजे शून्य, रडका म्हणजे दहा. कितपत दुखतंय ते बोटानं दाखवायचं. चिरंजीवांनी हिशेब लगेच ओळखला. आइस्क्रीम दिसलं की आठ, सुईवाली सिस्टर दिसली की शून्य.

घरी आल्यावर खरी पंचाईत पोह्यांची. शेव बंद, वरून भुरभुरायचा जिरावन मसाला बंद. इंदूरच्या पोरापुढे नुसते मऊ, पिवळे पोहे! बशीकडे बघत तो कुजबुजला, "बाबा, पोहे पण आजारी आहेत?"

डॉक्टरांनी बजावलं होतं: पॅरासिटामॉल 5 मिली, दर सहा तासांनी, दुखायची वाट न बघता, झोपेतून उठवून. आई म्हणाली, "एवढंसं पोर, अडीचच दे. उष्ण पडतं." संध्याकाळी अडीच दिलं. रात्री अकराला तो गाढ झोपलेला. झोपलाय म्हणजे दुखत नाही, असं निदान करून मीही आडवा झालो.

तीनला भोंगा वाजला. "कान! कान!" ऑपरेशन घशाचं आणि बोंब कानाची! भलतंच काही कापलं की काय? (घशाची आणि कानाची नस एकच, त्यामुळे असं होतंच, हे सकाळी कळलं.) टॉर्च मारला तर घशात पांढरे चट्टे. माझी बोबडी वळली. तीही नुसती खपलीच होती म्हणे, पण रात्री तीनला खपली कुणाला सुचते?

बाटलीवर 5 मिलीत 250 मिलीग्रॅम. वजन 18 किलो, किलोला 15 मिलीग्रॅम, म्हणजे 270. डॉक्टरांचे 5 मिलीच बरोबर. बी.ई. झालेला माणूस मी, हा गुणाकार तीनदा केला. तोवर हात थरथरून निम्मं औषध चादरीवर. शेवटी पोरानंच झाकण पुढे धरलं, रेघेपर्यंत भरून घेतलं, गटकन प्यायला आणि अर्ध्या तासात घोरू लागला.

मी दोन मोबाइलांवर नऊचा गजर लावून पहारा देत बसलो.

नऊला कुणीतरी गदागदा हलवलं.

"बाबा, ऊठ ना. माझ्या औषधाची वेळ झाली."