खिडक्यांची चौथी सीट

मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकाशी चौथा माणूस येऊन ‘जरा सरका’ म्हणतो, तेव्हा बसलेले तिघे त्याच्याकडे न पाहता चार-चार बोटे सरकतात आणि तो अर्ध्या मांडीवर टेकून ठाणे ते मुलुंड असा प्रवास सुखाने करतो. टायलिंग विंडो मॅनेजर हा पडद्यावरच्या खिडक्या फरश्यांसारख्या मांडणारा प्रोग्रॅम म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने मला आजवर कोणालाही समजावता आलेले नाही. एरवी संगणकाच्या पडद्यावर खिडक्या एकमेकींच्या अंगावर पसरतात आणि हवी असलेली खिडकी नेहमी तळाशी सापडते. टायलिंगमध्ये मात्र नवी खिडकी उघडली की आधीच्या साऱ्या निमूटपणे सरकतात आणि पडद्याचा कोपरान् कोपरा भरून जातो. लोकलपेक्षा हा न्याय अधिक समतेचा आहे, कारण येथे चौथीला अर्ध्या मांडीवर बसवत नाहीत. चौघींना सारखीच जागा मिळते आणि चौघींतलेही काही धड वाचता येत नाही.

मी या वाटेला गेलो तो वेळ वाचवण्यासाठी. कळफलकावरचा हात उचलून माऊसपर्यंत नेण्यात आणि परत आणण्यात माणसाच्या आयुष्यातला मोठा काळ फुकट जातो, असे मला कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने पटवून दिले होते. (त्याचा हात बहुतेक वेळ चहाच्या कपावर असतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवे होते.) खिडक्या शेजारी शेजारी मांडण्याची कल्पना काही नवी नाही. १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तीतही खिडक्या एकमेकींवर चढत नसत. ती मुभा १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली आणि लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. लोक ज्यातून सुटले होते, त्यात मी स्वखुशीने आणि रात्री जागून परत शिरलो. त्यासाठी निवडला तो लिनक्सवरचा ‘आय-थ्री’ हा मॅनेजर. मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली त्या मानाने मवाळ समजली जाते. ‘डीडब्ल्यूएम’ नावाच्या तिच्या एका कडक भावंडात साधा रंग बदलायचा तरी सी भाषेतला मूळ कोड दुरुस्त करून सारा प्रोग्रॅम नव्याने संकलित (कंपाइल) करावा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो. मला संसार आहे, म्हणून मी मवाळ वाट धरली.

पहिल्यांदा लॉगिन केले तेव्हा आय-थ्रीने दोनच प्रश्न विचारले: तुमच्यासाठी कॉन्फिग फाइल तयार करू का, आणि मुख्य कळ (बाकीच्या कळांसोबत दाबायची) कोणती असावी, विंडोजच्या चिन्हाची की ऑल्ट? मी उत्तरे दिली आणि पडदा काळा झाला. चिन्ह नाही, मेनू नाही, कचऱ्याची टोपलीसुद्धा नाही. तळाशी एक बारीक पट्टी आणि तिच्यात लाल अक्षरांत ‘आयपीव्ही-६ नाही’ अशी इंटरनेट-पत्त्याबद्दलची तक्रार. तेवढ्यात आमची सौभाग्यवती विजेचे बिल भरण्यासाठी आली. तिने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “बिघडला का रे?” मी म्हणालो, “अगं, आत्ता कुठे नीट होतोय.” बिल तिने मोबाइलवरून भरले.

त्यानंतरचे आठवडे कॉन्फिग फाइलमध्ये गेले. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो आणि त्यात प्रत्येक कळीचे काम आपण लिहून द्यायचे असते. नव्या घरात राहायला जावे आणि बिल्डरने सांगावे की दिवे आहेत, बटणे तुमची तुम्ही आणा, तशातला हा प्रकार. पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा मुळात जोडलेल्याच नव्हत्या, त्यामुळे तीन रात्री मी शेजारच्या इमारतीलाही पुरेल एवढ्या प्रकाशात काम केले. फाइलीत एक अक्षर चुकले की पडद्याच्या वरच्या कडेला लाल पट्टी अवतरते. निर्मात्यांनी तिचे नाव ‘नॅगबार’ ठेवले आहे, म्हणजे सरळ सरळ कटकटपट्टी, आणि या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मूळ मांडणीत मुख्य कळ, शिफ्ट आणि क्यू एकदम दाबले की ज्या खिडकीवर लक्ष असेल ती बंद होते. लक्ष कोणाचे, हा खरा प्रश्न. माझे लक्ष टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीवर होते, पण आय-थ्रीच्या मते माऊसचा बाण जिथे असेल तिथेच लक्ष असते. एका सोमवारी ऑनलाइन बैठकीत साहेब मला तिमाहीतल्या विलंबाची कारणे विचारत असताना माझे कोपर माऊसला लागले, बाण शेजारच्या खिडकीत घसरला आणि मी टर्मिनल बंद करण्याच्या हेतूने साहेबांनाच बंद केले. परत जोडला गेलो तेव्हा ते म्हणाले, “तुमचे उत्तर मिळाले.” हे टाळण्यासाठी फाइलीत एकच ओळ घालावी लागते आणि ती मी त्याच दुपारी घातली.

पण खरी परीक्षा मायबोलीने घेतली. मामांना मराठीत पत्र लिहायचे होते, म्हणून मी टर्मिनलमधून कळफलक मराठी केला. मात्र आज्ञा देताना सोबत इंग्रजीचाही उल्लेख करायचे राहून गेले. क्षणात साऱ्या इंग्रजी कळा अदृश्य झाल्या. डी ही कळ आता डी नव्हती आणि क्यू ही क्यू नव्हती, त्यामुळे फाइलीत त्यांना नेमून दिलेली सगळी कामे ठप्प झाली. टर्मिनल चालू होते, पण त्यात उमटत होती देवनागरी. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाच्या मांडणीत एलच्या जागी ‘त’ येतो आणि एसच्या जागी एकाराची मात्रा. त्यामुळे फाइलींची यादी मागणारी एल-एस ही आज्ञा मी सवयीने टाइप केली तेव्हा पडद्यावर ‘ते’ असे उमटले आणि संगणकाने कळवले की ‘ते’ सापडत नाही. इंग्रजी परत आणण्याची आज्ञा इंग्रजीत लिहायची होती आणि इंग्रजी तर हद्दपार झालेली. भाषिक अस्मितेचा इतका संपूर्ण विजय मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. अखेर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबून मागच्या दाराच्या कन्सोलमध्ये, म्हणजे खिडक्यांविना नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेलो. तिथे कळफलक अजून इंग्रजीच होता, आणि तिथून सुटका झाली. मामांना फोन केला.

यापुढे शहाण्या माणसाने थांबावे, पण मी सुशोभीकरणाकडे वळलो. खिडक्यांमध्ये बारा पिक्सेलांच्या फटी सोडल्या, म्हणजे जी जागा वाचवण्यासाठी हा सारा खटाटोप केला तीच मोकळी टाकली. तळाची पट्टी काढून एक नटवी पट्टी बसवली, तर तिला देवनागरी जोडाक्षरे जमेनात. ‘चिल्लर’ नाव दिलेल्या कार्यक्षेत्राची (खिडक्यांच्या एका गटाची) वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बिलगली. मुकाट्याने मूळ पट्टीकडे परतलो. तिची अक्षरे ‘पँगो’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा काढते आणि तिला मराठी उत्तम येते. शोभेला बाधा येते म्हणून बॅटरीचा आकडा मात्र मी पट्टीतून काढून टाकला होता. बॅटरी संपत आल्याचे सांगण्यासाठी आय-थ्रीमध्ये दुसरे कोणी नसते, हे मला लॅपटॉप बंद पडल्यावर समजले.

आता लॉगिनच्या पडद्यावर दोन नावे दिसतात. एक माझे आहे. दुसरे खाते सौभाग्यवतीने उघडले. त्यात नेहमीसारखा डेस्कटॉप आहे, मेनू आहे, कचऱ्याची टोपली आहे, आणि खात्याचे नाव तिने ‘माणसांसाठी’ असे ठेवले आहे. गेल्या महिन्यात प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याची शेवटची रात्र होती आणि माझ्या बाजूला मी सकाळीच एक ओळ सुधारून ठेवल्यामुळे वरती कटकटपट्टी झळकत होती. साडेदहा वाजता मी तिला पासवर्ड विचारला. “जरा सरक,” ती म्हणाली आणि माझ्याच खुर्चीवर चौथ्या सीटइतक्या जागेत टेकून तिने तो स्वतःच टाइप केला.