‘टाकी वर्षातून दोनदा धुतो, मग लेजिओनेला येणार कुठून?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

लेजिओनेला, म्हणजे पाण्याच्या लाइनीत वाढणारा आणि न्यूमोनिया देणारा जंतू. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मते लेख घाबरवणारा आहे, हा आजार परदेशातल्या एसी हॉटेलांचा आहे, फिलाडेल्फियातल्या मृतांचा आकडा मी चुकवला आणि गिझर 60 अंशांवर ठेवायला सांगून मी पोराबाळांना भाजायला निघालो आहे. मुख्य म्हणजे, ‘आमच्या सोसायटीत टाकी वर्षातून दोनदा धुतात, मग हा लेजिओनेला येणार कुठून? गूगलवरचं अर्धंकच्चं उचलायचं आणि तुम्हा लोकांचा धंदा चालवायचा.’

‘तुम्हा लोकांचा’ म्हणजे नक्की कोणाचा? मी टाक्या धुण्याचं कंत्राट घेत नाही, क्लोरीन विकत नाही. इमारतींच्या पाण्याच्या लाइनींचं काम 22 वर्षं करतो आहे, तेव्हा शॉवरच्या आत काय साचतं हे मला गूगलला विचारावं लागत नाही. पटलं नाही तर खुशाल सांगा. पण अनोळखी माणसाला आधी दलाल ठरवायचं आणि खाली ‘कृपया राग नसावा’ लिहायचं, ही कुठली रीत? राग आला आहे. तो गिळून लिहितो आहे.

आकड्याबाबत तुमचं बरोबर. जुलै 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनाला आलेल्यांपैकी 29 जण दगावले, तोच आकडा मी दिला होता. अधिवेशनाला नसलेले, पण हॉटेलच्या परिसरात येऊन गेलेले धरले की एकूण 34 होतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता टाकी. तुमचं हे एकच वाक्य मी सविस्तर घेतो, कारण ते निम्म्या महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये ऐकू येतं.

जंतू टाकीत राहतो असं तुम्ही धरून चालला आहात. लेजिओनेला मोकळ्या पाण्यात फारसा वाढत नाही. तो वाढतो ओल्या पृष्ठभागावरच्या बुळबुळीत थरात, आणि त्या थरावर चरणाऱ्या अमीबांच्या पोटात. म्हणून आधी पृष्ठभाग मोजा. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर पाणी असलेली 20,000 लिटरची टाकी घ्या. तळ आणि चार भिंती मिळून 36 चौरस मीटर, म्हणजे लिटरमागे 18 चौरस सेंटिमीटर. आता 20 मिमी आतल्या व्यासाचा पाइप घ्या. त्यात एक लिटर पाणी मावायला सव्वातीन मीटरच्या आसपास लांबी लागते आणि त्या लिटरला सुमारे 2000 चौरस सेंटिमीटर भिंत लागते. शंभरपटीहून जास्त. तुम्ही वर्षातून दोनदा घासता ती जागा आणि जंतूला आवडते ती जागा, दोन्ही वेगळ्या आहेत.

त्यातही टाकी धुतात म्हणजे काय करतात? पाणी उपसतात, गाळ काढतात, जेटने भिंती मारतात, एक फवारा देतात आणि काही ठिकाणी रिकाम्या टाकीत पाच मिनिटं यूव्ही दिवा फिरवतात. दिव्याचा उजेड पडतो तेवढ्याच जागेवर त्याचं काम, आणि तो विझला की मागे काहीही उरत नाही. टाकीतून खाली फ्लॅटकडे येणाऱ्या डाउनटेक लाइनला तर कोणी हातच लावत नाही. उलट घाईत वॉशआउट (टाकी रिकामी करायचा तळाचा व्हॉल्व्ह) न उघडता तळाचा गदळ डाउनटेकमधूनच खाली सोडलेला असतो. म्हणजे टाकी स्वच्छ, आणि गाळ तिसऱ्या मजल्याच्या शॉवरमध्ये.

विश्वास नसेल तर एक शॉवर खोला. रोझ, म्हणजे भोकांची जाळी, फिरवून काढा आणि मागचा रबरी वॉशर नखाने उचला. वर पांढरा क्षार असेल, त्याच्याखाली करडा-तपकिरी चिकट थर. बोटाला लागला की पुसून निघत नाही, घासावा लागतो. क्षार काढायला रोझ व्हिनेगरमध्ये बुडवा, मग भरपूर पाण्याने धुवा आणि त्यानंतरच क्लोरीनच्या पाण्यात टाका. दोन्ही एकत्र केलीत तर क्लोरीन वायू सुटेल आणि मग खरंच घाबरायची वेळ येईल.

लाइन निर्जंतुक करायची पद्धत मूळ लेखात होती. ती तुम्ही वाचलेली दिसत नाही, म्हणून पुन्हा. धुतलेली टाकी भरा. 50 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन हवा, म्हणजे 20,000 लिटरला एक किलो शुद्ध क्लोरीन. ताज्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीत तो 33 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून पावडर तीन किलो. वॉचमनच्या खोलीत उघडी पडलेली दमट पावडर 20 टक्क्यांवर आली असेल तर पाच किलो लागेल. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि फक्त वरची निवळ टाकीत ओता. सगळा चोथा ओतलात तर तो बॉल कॉकात आणि नळांच्या जाळ्यांत जाऊन बसतो, मग सोसायटी म्हणते क्लोरीनमुळे नळ बिघडले. मग प्रत्येक फ्लॅटमधला सर्वांत लांबचा नळ आणि शॉवर क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा आणि तासभर थांबा. गिझर बंद ठेवून त्यातूनही हे पाणी जाऊ द्या. आरओचा इनलेट मात्र आधी बंद करा, नाहीतर मेम्ब्रेन गेलं. त्या तासात कोणी पाणी वापरायचं नाही, ही सूचना आदल्या दिवशी लिफ्टमध्ये लावा. नंतर वास जाईपर्यंत लाइन धुवा. बंद फ्लॅट वगळू नका. खरा उकिरडा तिथेच असतो: मालक परदेशी, नळ आठ महिने बंद, आणि त्याची लाइन तुमच्याच राइझरला, म्हणजे उभ्या मुख्य पाइपला, जोडलेली. अशा फ्लॅटमध्ये आठवड्यातून एकदा सगळे नळ काही मिनिटं सोडणं हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय.

‘परदेशातला आजार’ याबद्दल एवढंच: हा जंतू जगभरच्या गोड्या पाण्यात आणि मातीत सापडतो, त्याला व्हिसा लागत नाही. तो साधारण 20 ते 45 अंशांत वाढतो. युरोपात गार पाणी 20 अंशांखाली ठेवा असं सांगतात. पुण्या-नागपुरात एप्रिलमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला कोमट लागतं, तिथे हा सल्ला कोणी पाळून दाखवावा. म्हणून आपल्याकडे भर द्यायचा तो पाणी वाहतं ठेवण्यावर आणि नळाशी उरणाऱ्या क्लोरीनवर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 प्रमाणे तो किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा. बोअर आणि टँकरच्या पाण्यात बहुतेक वेळा तो नसतोच. रुग्ण दिसत नाहीत असं कोणी म्हणेल, तर लघवीतली अँटिजेन चाचणी सांगितल्याशिवाय हा न्यूमोनिया चारचौघांसारखाच दिसतो.

गिझरबद्दल फार बोलायची गरज नाही. साठा 60 अंशांवर आणि नळाशी गार पाणी मिसळणारा मिक्सर, एवढंच लिहिलं होतं. उकळतं पाणी पोराच्या अंगावर ओता असं कुठे लिहिलंय ते दाखवा. बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्याला धोका पुष्कळ कमी, कारण आजार येतो श्वासातून जाणाऱ्या बारीक तुषारांमधून. हे मूळ लेखात ठळक करायला हवं होतं, मान्य. मात्र सोलर असेल तर गिझरइतकंच त्याकडे बघा. पावसाळ्यात ऊन नसलं की 200 लिटरची ती टाकी दिवसचे दिवस 35-40 अंशांवर राहते. बॅकअपचं हीटर मध्यावर बसवलेलं असेल तर वरचं पाणी तापतं आणि तळ कोमटच राहतो. शिवाय गच्चीपासून तुमच्या बाथरूमपर्यंतच्या 20 मीटर लाइनीत सहा लिटरच्या वर पाणी उभं असतं. गरम येईपर्यंत तुम्ही जे सोडून देता, तेच ते. ते शॉवरमधून नको, खालच्या नळातून बादलीत सोडा.

आता तुमच्या सोसायटीचं पाणी तपासा. नळाशी उरलेला क्लोरीन रंगावरून मोजणारं ओटीचं (ऑर्थोटोलिडिनचं) किट महाग नाही, ग्रामपंचायतीचा पाणीवालासुद्धा ते रोज वापरतो. सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी, टाकीपासून सर्वांत लांबच्या फ्लॅटमधलं पाणी नळीत घ्या, ओटीचे थेंब टाका आणि लगेच पांढऱ्या कागदासमोर धरून रंग जुळवा. उशिरा गडद होत जाणारा पिवळा धरू नका, तो बांधला गेलेला, म्हणजे इतर पदार्थांशी जुळलेला क्लोरीन, त्याचा जोर फार कमी. जो आकडा येईल तो इथे खाली टाका. 0.2 च्या वर आला तर मी जाहीरपणे लिहीन की तुमची सोसायटी या बाबतीत चांगली आहे. शून्य आला, तर पुढच्या प्रतिक्रियेत माझ्या धंद्याची चौकशी करण्याआधी आपल्या सेक्रेटरीला फोन करा.