एक खुर्ची जादा

पेशंट मोजणं सोपं असतं. हाक मारली की ते ओ देतात. कात्री ओ देत नाही.

बेळगावच्या एका इस्पितळात मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. नोकरी नर्सची, जीव किराणा दुकानदाराचा. दर ड्युटीला चार्ज देताना-घेताना मोजदाद असते. आर्टरी फोर्सेप सहा, किडनी ट्रे आठ, बीपीची मशीन दोन, कात्री एक. कात्री? मग नाईटवाली म्हणते इव्हिनिंगला विचारा, आणि इव्हिनिंगवाली खानापूरच्या बसमध्ये फोन बंद करून झोपलेली असते.

शेवटी मी कात्रीला लाल दोरा बांधला. आठवड्यात दोऱ्यासकट गेली. शेजारच्या सर्जिकलमध्ये बघितलं, तर ट्रेमध्ये चार कात्र्या आणि चारींना लाल दोरा. "आमच्याच हायत की," तिथली सिस्टर म्हणाली. आमच्या गावाचा सीमाप्रश्न 1956 पासून चालू आहे, महाजन आयोगाचा अहवाल 1967 ला आला, 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. एका कात्रीसाठी मी कुणाच्या दारात जाऊ? परत आले.

स्टोअरची तऱ्हा निराळी. इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी-चिठ्ठी, घेऊन गेलं की खिडकीतून उत्तर येतं, "इल्ला सिस्टर, नाळे बर्री." हे 'नाळे' म्हणजे उद्या, हे मला कन्नड शाळेत न जाता कळलं, ते नक्की कधी उजाडतं, हे मात्र कन्नड येणाऱ्यांनाही माहीत नाही. एकदा 22 नंबरचे निळे कॅन्युला मागितले, आले 18 नंबरचे हिरवे. यात आकडा जेवढा लहान तेवढी सुई जाड. चंदगडच्या एका आजींनी, शीर दोऱ्याएवढी, त्या हिरव्याकडे बघून विचारलं, "बाळ, ही सुई हाय का सुळ?" त्या दिवशी मी सर्जिकलमधून निळे दोन उसने आणले. कात्रीचा विषय अर्थातच काढला नाही.

औषधांच्या कपाटात जवळच्या तारखेचं पुढे, लांबच्या तारखेचं मागे लावायचं असतं. मी रविवारी दोन तास बसून लावते. सोमवारी कुणीतरी घाईत हात घालतं आणि बरोबर मागचंच काढतं. फ्रीजचं तापमान 2 ते 8 अंशांत ठेवायचं, ते इन्सुलिनसाठी. त्यात मला एकदा दह्याचा डबा सापडला. डब्यावर मात्र तारीख व्यवस्थित लिहिलेली होती. आमच्या मुलींना वळण आहे.

नातेवाईक मंडळींबद्दल काय बोलायचं! सलाईनच्या स्टँडवर लुगडं वाळत घालतात, ते एक वेळ चालेल. डिस्चार्जच्या दिवशी पाव किलो कुंदा देऊन पाया पडतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि ते गेल्यावर कळतं की चादरही गेली. कुंदा खाल्लेला असतो, त्यामुळे बोलता येत नाही.

पण कमी भरण्याची भीती सवयीने जाते. तुटलं तर तुकडा जमा करावा, हरवलं तर लिहून द्यावं, फार तर पैसे भरावेत. खरा घाम मला फुटला तो गेल्या तपासणीच्या आदल्या रात्री. रजिस्टरला व्हीलचेअर तीन, वॉर्डात चार. चारदा मोजल्या. जादा वस्तू कुठून आली, कुणाच्या बिलावर आली, याचा रकाना रजिस्टरला नाही. कमी असेल तर आपण निष्काळजी, जास्त असेल तर चोर!

रात्री अकराला सगळे झोपल्यावर मी ती चौथी खुर्ची ढकलत हळूच निघाले. एक चाक कुईकुई करत होतं. लिफ्टजवळच्या वळणावर समोरूनही कुईकुई ऐकू आली. सर्जिकलची सिस्टर, पुढ्यात रिकामी खुर्ची.

"काय गं, फिरायला निघालीस?"

"तूच सांग आधी."

दोघींकडे एकेक जादा. कुणाची ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. दोन्ही खुर्च्या लिफ्टमध्ये ढकलल्या, तळमजल्याचं बटण दाबलं, दार मिटलं. त्याच आनंदात मी तिला कात्री मागितली आणि तिने खिशातून काढून दिलीही.

सकाळी तपासणीचे साहेब रजिस्टर उघडून बसले होते. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि वॉर्डचे मामा हसत बाहेर आले.

"सिस्टर, तुमच्या खुर्च्या खाली ऱ्हायल्या होत्या बघा. आणलो."

मागे तीन होत्या.